मायकल नावाचा नेमका अर्थ काय? आणि मिगेल, मिशेल, मिखाईल ही सगळी एकच नावं का?

नामकोश
नावांच्या बहुतेक याद्यांत मायकलचा अर्थ 'देवासारखा' असा देतात. काही ठिकाणी मात्र तो अर्थ प्रश्नाच्या रूपात दिसतो. बरोबर कोणता? आणि हिब्रूतलं बायकांचं मिखाल हे याचंच स्त्रीरूप धरायचं का?

अक्षरवेडा
प्रश्नच बरोबर. नाव फोडून बघा: हिब्रूत 'मी' म्हणजे 'कोण', 'क' किंवा 'ख' म्हणजे 'सारखा', 'एल' म्हणजे 'देव'. 'देवासारखा कोण?' आणि याचं अपेक्षित उत्तर 'कोणीही नाही'. म्हणजे 'देवासारखा' असं लिहिलं की अर्थ पार उलटा होतो. नाव देवाची थोरवी सांगतं आणि यादी ती बाळाला देऊन टाकते! पहिलं 'मी' गाळून उरलेलं भाषांतर केलं की हा घोटाळा होतो.

अशी प्रश्नार्थक नावं प्राचीन पश्चिम आशियात नवलाची नव्हती. बायबलमधल्या मीखा संदेष्ट्याच्या नावाची घडण हीच, फक्त एलऐवजी याह, म्हणजे इस्राएलच्या देवाच्या नावाचं आखूड रूप. अश्शूरी लेखांत 'मन्नू-की-अश्शूर' नावाची माणसं सापडतात, म्हणजे 'अश्शूर देवासारखा कोण?'.

नाव आधी साध्या माणसांचं आहे, हेही ध्यानात असू द्या. बायबलच्या गणना या पुस्तकात (१३:१३) कनान हेरायला गेलेल्यांतला आशेर वंशाचा सतूर हा एका मीखाएलाचा मुलगा. देवदूत मीखाएल भेटतो तो बायबलमधल्याच दानीएलाच्या पुस्तकाच्या १०व्या आणि १२व्या अध्यायांत. पुढे नावाचा प्रसार झाला तो या देवदूतामुळे. कुराणातही (२:९८) तो मीकाल म्हणून येतो.

लिपीकार
मिखालबद्दल: शौलाची मुलगी आणि दावीदाची बायको मीखल हिच्या नावात मेम, योद, काफ, लामेद एवढीच अक्षरं आहेत. मिखाएलमधला आलेफ तिथे नाही, आणि 'एल' त्या आलेफापासून सुरू होतो. पुष्कळ अभ्यासक ते मिखाएलचं आखूड रूप मानतात, पण नोंद स्वतंत्रच ठेवा. ऐकायला जवळचं वाटणाऱ्या मलाखी या संदेष्ट्याच्या नावाचा तर यात काही संबंधच नाही. त्याची धातू वेगळी, अर्थ 'माझा दूत'.

बाकी रूपं एकाच नावाची. हिब्रूत स्वरानंतर आलेला काफ घर्षक (हवा घासत उच्चारलेला) 'ख' होतो, ग्रीकने तो आपल्या खी अक्षराने लिहिला, लॅटिनमध्ये त्याचा 'क' झाला. तिथून इटालियन मिकेले, स्पॅनिश मिगेल (दोन स्वरांमधल्या क चा ग), फ्रेंच मिशेल. रशियन मिखाईल थेट ग्रीककडून. पोलिशमध्ये उच्चार मिहाऊ, रुमानियनमध्ये मिहाय.

यादी करताना हमखास चुकतं ते मिकेले. रोमन लिपीत शेवटी 'ई' दिसला की लोक बाईचं नाव समजतात. इटलीत ते पुरुषाचं आहे. फ्रेंचमध्ये तर पुरुषाचं आणि बाईचं मिशेल कानाला सारखंच, फरक फक्त लेखनात.

नामकोश
आभारी आहे, 'आलेफ नाही' हे फार कामाचं. नामवंतांत कोणाला घ्यावं?

अक्षरवेडा
रूपवार घ्या. मिगेल: 'डॉन किहोते' लिहिणारा स्पॅनिश लेखक सर्वांतेस. त्याचा बाप्तिस्मा ९ ऑक्टोबर १५४७ ला झाला. जन्मतारखेची नोंद नाही. पण संत मिखाएलाचा, म्हणजे त्याच देवदूताचा, सण २९ सप्टेंबरचा, त्यामुळे जन्म त्या दिवशीचा असावा असा कयास आहे. तारीख लिहाल तर 'बहुधा' जोडा. मिकेलअँजेलो (१४७५–१५६४) हे मिकेले आणि 'देवदूत' यांचं जोडनाव. मिखाईल: रशियन शास्त्रज्ञ लोमोनोसोव, आणि १६१३ साली झार झालेला रोमानोव घराण्यातला पहिला. मिहाय: १६०० मध्ये वालाकिया, ट्रान्सिल्व्हेनिया आणि मोल्दाविया काही काळ एका छत्राखाली आणणारा शूर मिहाय. मायकल: फॅरडे (१७९१–१८६७).

माझ्या मते मायकल व्हेंट्रिस सुटता कामा नये. शिक्षणाने वास्तुविशारद, पण १९५२ मध्ये लिनिअर बी ही क्रीट आणि ग्रीसमधली प्राचीन लिपी उलगडून तिच्यातली भाषा ग्रीक असल्याचं त्याने दाखवलं. नावांच्या कोशात त्याला जागा हवीच.