मदत हवी आहे: गावची जेटी खासगी कंपनीला पट्ट्याने जातेय, हरकत कशी लिहायची?

नमस्कार मंडळी,

रायगड जिल्ह्यातल्या एका कोळीवाड्यातून लिहितेय. जेटी, बर्फाचं गोदाम आणि बाजूची मोकळी जागा असं सगळं एका कंपनीला ३० वर्षांच्या पट्ट्याने द्यायचं घाटतंय, असं परवा मच्छीमार सोसायटीच्या मीटिंगमध्ये कळलं. प्रवासी बोटी, वॉटर स्पोर्ट्स वगैरे. जेटी सुधारायला आमची ना नाही. खाडीत इतका गाळ साचलाय की ओहोटीला होड्या बाहेरच नांगरून राहतात आणि बायका गुडघाभर चिखलातून मासळीच्या पाट्या आणतात. कोणी खर्च करणार असेल तर हवाच आहे.

पण त्या मोकळ्या जागेत माझ्या आईची बोंबलाची वलांडी, म्हणजे बोंबील वाळत घालायची बांबूंची मांडणी, आहे. आजीचीही तिथेच होती. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा होड्या तिथेच शाकारलेल्या असतात. कागद मात्र एकही नाही, सातबारा सरकारचा. उद्या गेट बसलं आणि पावती फाडल्याशिवाय आत सोडलं नाही, तर पहाटे चारला टेम्पोची वाट बघणाऱ्या बायांनी बसायचं कुठे?

थोडं वाचलंय. हिमाचलात बियासच्या काठची जंगलजमीन एका मोटेलला पट्ट्याने दिली होती. कमलनाथ खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९९६ साली तो पट्टा रद्द केला आणि समुद्र, नद्या, जंगलं यांचं सरकार फक्त विश्वस्त आहे असं म्हटलं. पण तिथे नदीचा प्रवाहच वळवला होता, आमच्याकडे तसं काही नाही. मग हा निकाल हरकतीत घालून उपयोग होईल का?

दुसरं, १८८२ च्या इझमेंट कायद्यात (दुसऱ्याच्या जमिनीवरच्या वापरहक्काचा कायदा) सरकारी जागेवर ३० वर्षांच्या वहिवाटीची अट आहे. अख्ख्या गावाची वहिवाट दाखवायची तर पुरावा काय लागतो? सोसायटीची डिझेलची जुनी रजिस्टरं, लग्नाच्या फोटोंत मागे दिसणारी वलांडी, म्हाताऱ्यांची प्रतिज्ञापत्रं चालतील का? सीआरझेडच्या (किनाऱ्यावरच्या बांधकामांवर निर्बंध घालणाऱ्या नियमांच्या) आराखड्यात मासळी सुकवायच्या जागा दाखवायच्या असतात म्हणे. आमची दाखवलीय का, हे कुठल्या नकाशात बघायचं?

माहिती अधिकारात कराराचा मसुदा मागतेय, पण उत्तराला ३० दिवस. तेवढ्यात निविदा निघाली तर काय करायचं?

आणि पट्टा होणारच असेल, तर सुकवायची जागा त्यातून वगळणं आणि होड्यांच्या शुल्कावर मर्यादा, या अटी कोणत्या शब्दांत मागाव्यात? बंदरावर काम केलेलं किंवा असा करार वाचलेलं कोणी असेल तर कृपया लिहा. रविवारी ग्रामसभा आहे. हरकतीचा कच्चा मसुदा आज रात्री इथेच टाकते.