काउंटरच्या आत बसलेल्यांनो, लिहा

जास्वंद
काल आईला घेऊन बँकेत गेले होते, हयातीच्या दाखल्यासाठी. मशीन तिचा अंगठा घेईना. जन्मभर भांडी घासून रेषाच पुसट झाल्यात. खिडकीतली मुलगी उठून बाहेर आली, आपल्या रुमालाने आईचा हात पुसला, म्हणाली, "आजी, घाई नाही, दुसरं बोट बघू." चौथ्या बोटाला जमलं. मागे ही रांग!

मला २०१६ चा नोव्हेंबर आठवला. मी तेव्हा कॅशला होते. ८ च्या रात्री नोटबंदीची घोषणा, ९ ला बँका बंद, १० पासून झुंबड. शनिवार-रविवारसुद्धा उघडं. बदलून आधी ४००० द्यायचे, मग ४५००, १८ पासून २०००. नियम वर बदलायचे, शिव्या आम्हाला. एक बाई पाचशेच्या नोटा घेऊन आली, तांदळाच्या डब्यात ठेवलेल्या. नोटांना बोरिक पावडर लागलेली. हळूच म्हणाली, "ह्यांना माहीत नाही." मागून कुणीतरी ओरडलं आणि मी तिच्यावर खेकसले, "नीट लावून आणायच्या ना!" ती काही बोलली नाही. तिथेच उभी राहून एकेक नोट तळहाताने सरळ करत बसली. तो हात अजून दिसतो मला. तेव्हापासून समोरच्याशी बोलताना नोटा खाली ठेवते आणि आधी वर बघते.

तुमचं सांगा.

लाल डबा
कंडक्टर आहे, १९ वर्षं झाली. निम्मी भांडणं सुट्ट्यावरून. मी आधीच सांगतो, "उतरायच्या आत देतो, काळजी नको." तेवढ्यावर माणूस गप होतंय. ऑगस्ट २०२२ पासून ७५ च्या वरच्यांना फुकट प्रवास हाय, पण कार्ड बघावं लागतं. एक आजोबा आधार घरी विसरले. डोळ्यात पाणी, सगळी गाडी बघायला लागली. कार्डाशिवाय मला सोडता येत न्हाई. तिकीट काढलं, पैसे मी भरले. तेवढा पगार मिळतोय.

मोगरा२२
दादा 🙏 कुठली लाईन?

लाल डबा
आजरा.

मोगरा२२
अय्या, माझं माहेर! घनसाळ तांदूळ पुण्यात खात्रीचा कुठे मिळेल हो? इथे नावाला घनसाळ, वास काहीच नाही.

रात्रपाळी
मी ६ वर्षं अमेरिकेचे कॉल घेतले. आपण कॉल कापायचा नाही, हा पहिला नियम. शिव्या सुरू झाल्या की म्यूट दाबून घोटभर पाणी प्यायचं, मग बोलायचं. एकदा एका म्हातारीचा फोन आला. नवरा गेला होता, त्याच्या नावाचं कनेक्शन बंद करायचं होतं. अशा वेळी आधी ऑफर वाचून दाखवायची, 'थांबलात तर इतके महिने सवलत' वगैरे. मी नाही वाचली. किती वर्षांचा संसार, एवढंच विचारलं. ५१ म्हणाली. पुढची १० मिनिटं ती बोलली, मी ऐकलं. क्वालिटीवाल्यांनी मार्क कापले, टीम लीडरने बाजूला घेऊन झापलं. पुन्हा तसा कॉल आला तरी मी ऑफर वाचणार नाही.

सुगरण
तांदळाच्या डब्याचं वाचून आज्जी आठवली. तिच्याकडे हरभऱ्याच्या डाळीत असायचे. बाकी रात्री लिहिते, कुकर झालाय.

पेन्शनर काका
जास्वंद, बोटं जमत नसतील तर चेहऱ्यावरूनही दाखला होतो, घरबसल्या मोबाईलवर. जीवन प्रमाण आणि आधार फेस आरडी ही दोन अ‍ॅप लागतात. उजेडात बसवा, डोळे मिचकवायला सांगा. केंद्राची पेन्शन असेल आणि वय ८० च्या वर, तर १ ऑक्टोबरपासूनच देता येतो.

रात्रपाळी
काका, हे आमच्या नानांना कामाला येईल. धन्यवाद.

जास्वंद
काका, आईला सांगितलं. ती म्हणते, मोबाईल नको, मी बँकेतच जाणार. त्या मुलीसाठी दाण्याची चटणी कुटून ठेवलीय.

लाल डबा
मोगराताई, तांदूळ भाऊबंदांकडं हाय. किती किलो पायजे?