सुशीची चटई कुणाकडे आहे का?

*ए-५०३* (शुक्रवार, रात्री ९.१०)
नमस्कार मंडळी. लेकीचा रविवारी वाढदिवस आहे. तिला आणि तिच्या मैत्रिणींना घरी केलेली सुशी हवी आहे. ऑनलाइन पाहिलं तर बांबूची चटई, लाकडी टब, साचा असा सगळा संच घ्या म्हणतात. एका दिवसासाठी एवढं नको वाटतंय. कुणाकडे चटई असेल तर दोन दिवसांसाठी मिळेल का?

*सी-३०२*
चटई नाही, पण मासे लागले तर सांगा. उद्या सकाळी बाजारात जाणार आहे. ताजी सुरमई आणतो, तिचेच काप करा.

*बी-२०१*
दादा, थांबा! कच्ची सुरमई मुलांना अजिबात नको. बाजारातला मासा कितीही ताजा असला तरी त्यात सूक्ष्म कृमी असू शकतात. कच्चा खायचा मासा उणे २० अंशांवर सलग ७ दिवस गोठवून ठेवावा लागतो. घरच्या फ्रीजरचं तापमान तेवढं खाली जात नाही, आणि गेलं तरी टिकत नाही. सुरमई आणाच, पण मीठ लावून तव्यावर भाजून घेऊ. कोळंबी आणलीत तर उकडताना प्रत्येकीत लांबीच्या दिशेने टूथपिक घाला, म्हणजे ती वळत नाही, सरळ राहते.

*सी-३०२*
पण मग ती सुशी कशी?

*बी-२०१*
सुशी म्हणजे मासा नव्हे, भात. व्हिनेगर, साखर, मीठ घातलेला भात. नुसते कच्च्या माशाचे काप म्हणजे साशिमी. मी नवऱ्याच्या नोकरीमुळे तीन वर्षं जपानमधल्या ओकायामाला राहिले. तिथे शेजारच्या आजी सणासुदीला बाराझुशी करायच्या. मोठ्या पसरट भांड्यात सुशीचा भात, वर कोळंबी, अंड्याच्या पातळ पोळीचे धाग्यासारखे काप, कमळकाकडी, मटाराच्या कोवळ्या शेंगा. गुंडाळणं नाही, कापणं नाही. त्यांच्या घरी मी चटई एकदाच पाहिली, तीही कपाटाच्या मागे.

*सी-१०१ काका*
ओकायामा म्हणजे आपल्या सिंहगड रोडच्या बागेचं का? पुणे-ओकायामा मैत्री उद्यान?

*बी-२०१*
हो काका, तेच. तिथल्या कोराकुएन बागेवरूनच आपल्या पु. ल. देशपांडे उद्यानाची आखणी झाली आहे. बाराझुशीची गोष्टही सांगते. सतराव्या शतकात तिथला सरदार इकेदा मित्सुमासा याने काटकसरीसाठी हुकूम काढला की जेवणात एक सार आणि एकच पदार्थ असावा. लोकांनी मासे, भाज्या सगळं भांड्याच्या तळाशी लावलं, वर साधा भात पसरला आणि जेवायच्या वेळी भांडं उलटं केलं! असं तिथे घरोघरी सांगतात.

*ए-१०४ काकू*
छान गं. पण मुलींना गुंडाळलेलीच हवी असेल ना?

*ए-५०३*
हो काकू, तिला तो गोल काप हवाय.

*बी-२०१*
मग तोही करू. आधी भाताचं लिहिते, कारण सगळं तिथेच जमतं किंवा बिघडतं. लांब आहे, पण नीट वाचा.

तांदूळ: बासमती, कोलम विसरा. त्यांचे दाणे सुटे राहतात, एकमेकांना धरत नाहीत. आपला इंद्रायणी घ्या. तो आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून आलाय आणि मुळातच चिकट आहे. २ वाट्या तांदूळ पाणी निवळेपर्यंत हलक्या हाताने धुवा, अर्धा तास भिजत ठेवा, मग पूर्ण निथळा. एका वाटीला दीड वाटी पाणी, नवा तांदूळ असेल तर सव्वा. कुकरमध्ये शिजवा आणि वाफ आपोआप जिरू द्या.

तोवर ४ मोठे चमचे व्हिनेगर, २ मोठे चमचे साखर, १ लहान चमचा मीठ किंचित कोमट करून विरघळवून ठेवा, उकळू नका. तांदळाचं व्हिनेगर नसेल तर सफरचंदाचं चालतं. पांढरं सिंथेटिक उग्र लागतं, तेच असेल तर ३ चमचे घेऊन १ चमचा पाणी घाला.

भात गरम असतानाच परातीत काढा. परात स्टीलचीच हवी; पितळेची नको, आंबटाने कळकते. व्हिनेगर भातावर सगळीकडे शिंपडा आणि उलथन्याने भात उभा कापल्यासारखा हलवा. घोटायचा नाही, दाणा मोडतो. दुसऱ्याने त्या वेळी पुठ्ठ्याने वारा घालायचा. जपानी लाकडी टब जास्तीचा ओलावा शोषून घेतो, स्टील शोषत नाही, म्हणून वारा जास्त घालावा लागतो. तीन-चार मिनिटांत बघा, दाण्यावर तुकतुकीत चकाकी येते. आजी म्हणायच्या, ती दिसली की थांब. भात हाताला कोमट लागला की ओला करून पिळलेला पंचा झाका. फ्रीजमध्ये ठेवू नका, भात टणक होतो. केला त्याच दिवशी संपवा.

*बी-४०४*
आमच्याकडे मासे, अंडं काहीच नाही. मुलगी हिरमुसेल का?

*बी-२०१*
मुळीच नाही. नुसत्या काकडीचा रोल जपानमध्ये घरोघरी होतो, त्याला काप्पामाकी म्हणतात. आणखी एक गंमत म्हणजे त्यांच्या रोलमध्ये कान्प्यो नावाची वाळवलेली पट्टी असते, ती चक्क दुधी भोपळ्याची! तोचिगी भागात दुधी लांब पट्ट्यांत सोलून उन्हात वाळवतात, मग भिजवून सोया सॉस आणि साखरेत शिजवतात. आपण ताज्या दुधीच्या पट्ट्या सोलाण्याने काढून तशाच शिजवू, पाणी आटेपर्यंत. मी इथे कितीदा केल्यात.

*ए-१०४ काकू*
दुधी! मग गुंडाळायचं मी सांगते, अळूवडीसारखंच असणार.

*बी-२०१*
अगदी तसंच काकू! चटईऐवजी स्वच्छ जाड नॅपकीन घ्या, त्यावर दुधाची पिशवी उघडून, धुऊन, पुसून पसरा. थालीपिठाला वापरतो तशी, पण दोन-तीन पिशव्या लागतील. नोरीचं, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाचं, पान त्यावर ठेवताना गुळगुळीत बाजू खाली, खरखरीत वर. हात ओला करून भात पातळ पसरा, इतका पातळ की मधून मधून काळं पान दिसावं. पलीकडच्या कडेला बोटभर जागा मोकळी. सारण अलीकडच्या कडेजवळ. मग नॅपकीन उचलून सारणावरून पलीकडे न्यायचं आणि बोटांनी आपल्याकडे ओढून घट्ट करायचं.

*ए-१०४ काकू*
पहिला वेढा घट्ट बसला की पुढचं आपोआप होतं. अळूचंही तेच. पहिला सैल राहिला की वडी कापताना सुटते.

*बी-२०१*
हो. आणि दर कापाला सुरी ओल्या फडक्याने पुसायची, नाहीतर भात ओढला जातो. रोल आयत्या वेळी करा, नोरी ओलावा धरून चिवट होते.

*सी-३०२*
मग माझी सुरमई बाराझुशीत घालूया?

*बी-२०१*
घालाच दादा. ओकायामाला बाराझुशीत सावारा नावाचा मासा लागतोच, आणि तो सुरमईच्याच कुळातला. तिथला दुसरा लाडका मासा मामाकारी, आपल्या तारलीच्या कुळातला, व्हिनेगरात मुरवलेला. मामा म्हणजे भात, कारी म्हणजे उसना घेणं. इतका चविष्ट की घरातला भात संपतो आणि शेजाऱ्यांकडून आणावा लागतो!

*ए-५०३* (शनिवार, सायंकाळी ६.४०)
बी-२०१ ताई, आज तालीम केली. पहिला भात गिच्च झाला, दीड वाटी पाणी जास्तच झालं. दुसऱ्या वेळी सव्वा घातलं आणि ती चकाकी दिसली! लेकीने वारा घातला, पुठ्ठा तिच्या पाठ्यपुस्तकाचा. काकूंनी येऊन पहिला वेढा शिकवला. आठ काप न सुटता निघाले, ते उभ्यानेच संपले. आता उद्यासाठी इंद्रायणी पुरणार नाही आणि दुकान बंद झालंय. कुणाकडे आहे का?

*बी-४०४*
माझ्याकडे आहे. ३ वाट्या काढून ठेवते, लेकीला पाठव. मावळातून आलेला नवा तांदूळ आहे, पाणी सव्वा वाटीच घाल.