फोड येईपर्यंत थांबू नका

गरोदरपणात कांजिण्यांच्या पेशंटशी संपर्क आला तर 'अंगावर फोड दिसले की मग डॉक्टरांकडे जा' असं या चर्चेत कुणीतरी लिहिलंय, ते मला अजिबात पटत नाही. संपर्क आल्यापासून फोड यायला 10 ते 21 दिवस लागतात, आणि काही करता येण्यासारखं असतं ते याच दिवसांत. मला पाचवा महिना होता. भाचा दुपारभर मला चिकटून खेळला आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या पोटावर पाणी भरलेले बारीक फोड उठले. (फोड दिसायच्या 1-2 दिवस आधीपासूनच लागण होऊ शकते!) मला लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या की नाही, ते आईलाही आठवेना. रक्त तपासलं, त्यात कांजिण्यांविरुद्धच्या अँटिबॉडीज (रोगापासून वाचवणारी प्रथिनं) निघाल्या तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. नसत्या, तर तयार अँटिबॉडीजचं इंजेक्शन देतात, पण ते संपर्कानंतर 10 दिवसांच्या आतच. लस मात्र गरोदरपणात चालत नाही, त्यात जिवंत विषाणू असतो.

आणि एक गोष्ट इथे कुणीच लिहिली नाही: दवाखान्यात जायच्या आधी फोन करा. मला सगळे पेशंट संपल्यावर बोलावलं, कारण बाहेरच्या बाकांवर गरोदर बायकाच बसलेल्या असतात. फोड आलेच तर असायक्लोव्हिर (विषाणूवरचं औषध) द्यायचं का हे डॉक्टर ठरवतील, पण पहिल्या 24 तासांत सुरू केलं तर जास्त उपयोग होतो. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर सकाळपर्यंत थांबू नका, तो न्यूमोनिया असू शकतो.