सरसकट प्रत्येक बाळाची साखर? गरज नाही

'एक टोचणंच तर आहे, प्रत्येक नवजात बाळाच्या रक्तातली साखर तपासायला काय हरकत?' असं कुणी विचारलं, त्याबद्दल.

हरकत अशी की जन्मानंतर पहिल्या एक-दोन तासांत साखर सगळ्याच बाळांची उतरते. नाळ कापली की आईकडून येणारं ग्लुकोज थांबतं, आणि बाळाचं यकृत स्वतःचं काम सुरू करेपर्यंत साखरेचा आकडा ३० मिग्रॅ प्रति डेसीलीटरच्या आसपासही जाऊ शकतो. मग आपोआप वर येतो. नेमकं तेव्हाच टोचलं तर धडधाकट बाळाच्या हातीही वरच्या दुधाची बाटली येते. शिवाय साधा ग्लुकोमीटर इतक्या खालच्या पातळीला फारसा भरवशाचा नसतो. शंका आली तर प्रयोगशाळेतूनच खात्री करावी लागते.

पण काही बाळांत तपासणी टाळणं म्हणजे खरोखर धोका: आईला मधुमेह (गरोदरपणातला धरून), वेळेआधी जन्म, वजन फार कमी किंवा फार जास्त. अमेरिकन बालरोग अकादमीची २०११ची शिफारसही साधारण हीच यादी देते. आपल्याकडे कमी वजनाची बाळं इतकी जन्मतात की ही यादी छोटी राहत नाही, हे मान्य. आणि बाळ थरथरत असेल, सुस्त पडलं असेल, दूध ओढत नसेल, तर यादी बाजूला ठेवून लगेच तपासायचं.

बाकीच्यांना पहिल्या तासात छातीशी घ्या, पाजा. आणि आजीबाई कितीही रागावल्या तरी मधाचं बोट नको, त्यातून बोट्युलिझमचा (जंतूंच्या विषामुळे स्नायू लुळे पडण्याच्या गंभीर आजाराचा) धोका असतो.