प्रोबवर मँगनीज धातुकाची बेरीज 92 च येते. आकडे टाकून द्यावेत का?

खडकवेडी (दादर)
नमस्कार. मी एम.एस्सी. जिऑलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी भंडारा जिल्ह्यातल्या मँगनीजच्या खाणीतून नमुने आणले, पॉलिश केलेले पातळ छेद करून घेतले आणि इलेक्ट्रॉन प्रोबवर (इलेक्ट्रॉनचा झोत टाकून खनिजात कोणतं मूलद्रव्य किती ते मोजणारं यंत्र) कसेबसे दोन दिवस मिळाले. काळ्या धातुकाचे 31 बिंदू घेतले. सगळ्या ऑक्साइडांच्या टक्क्यांची बेरीज 100 च्या जवळ यायला हवी, पण त्यांतल्या 30 बिंदूंची 91.4 ते 92.6 येते: मँगनीज ऑक्साइड साधारण 81, सिलिका 10, उरलेलं थोडं लोह. एका बिंदूची तर 82 च. त्याच छेदातल्या नारिंगी गार्नेटची मात्र 99.6 ते 100.3!
मला सांगितलं गेलंय की 98 च्या खालचे आकडे टाकून द्यायचे. प्रकल्पाचा विषयच ‘धातुक कसं तयार झालं’ हा, आणि धातुकाचेच आकडे टाकले तर लिहू काय? मसुदा सोमवारी द्यायचाय. प्रोबवर पुन्हा वेळ मिळणार नाही.

जुना_प्रोबवाला (मुलुंड)
एकही आकडा टाकू नकोस. तुझी 92 ही बेरीज अगदी बरोबर आहे.
प्रोब मँगनीज किती आहे ते मोजतो, त्या मँगनीजवर भार किती आहे ते मोजत नाही. ऑक्सिजनही आपण बहुधा मोजत नाही. प्रत्येक धातूमागे तो किती धरायचा हे आपणच आधी ठरवून देतो. तुझ्या तक्त्यात प्रत्येक मँगनीजमागे एकच ऑक्सिजन धरलाय, म्हणजे सगळं मँगनीज द्विभारित (+2) मानलंय. भार जास्त असेल तर ऑक्सिजनही जास्त लागतो.
आता 10 टक्के सिलिका बघ. हे ब्रॉनाइट आहे, म्हणजे मँगनीज, सिलिकॉन आणि ऑक्सिजनचं खनिज. त्याच्या सूत्रात मँगनीजचे 7 अणू असतात, त्यांतला 1 द्विभारित आणि 6 त्रिभारित. शिवाय सिलिकॉन 1 आणि ऑक्सिजन 12. तुझ्या हिशेबात मँगनीजचे 7 आणि सिलिकॉनचे 2 मिळून 9 च ऑक्सिजन येतात. राहिलेल्या 3 ऑक्सिजनचं वजन 7.94 टक्के भरतं. 100 मधून वजा करून बघ.
गार्नेटची बेरीज 100 येते, कारण स्पेसार्टिनमधलं, म्हणजे तुझ्या मँगनीजवाल्या गार्नेटमधलं, मँगनीज खरोखरच द्विभारित असतं. तेव्हा यंत्राचं कॅलिब्रेशन ठीक होतं याचा पुरावा त्याच छेदात आहे. तो प्रकल्पात ठळकपणे लिही.
हे त्रिभारित मँगनीजच तुला धातुक कसं झालं ते सांगेल. ऑक्सिजन कमी असलेल्या पाण्यात मँगनीज द्विभारित अवस्थेत विरघळून राहतं. ऑक्सिजन असलेल्या पाण्याशी गाठ पडली की त्याची ऑक्साइडं बनून तळाशी बसतात. लोह त्याच्याआधी, कमी ऑक्सिजनमध्येही बाहेर पडतं. म्हणून लोह मागे राहून मँगनीज वेगळं साठू शकतं, आणि तुझ्या धातुकात लोह थोडंच आहे. पुढे तो गाळ गाडला गेला, तापला, ऑक्साइडांनी थोडा ऑक्सिजन सोडला आणि सिलिकाशी मिळून ब्रॉनाइट झालं. गाळात सेंद्रिय कार्बन भरपूर असता तर त्याने मँगनीजचं क्षपण केलं असतं (म्हणजे त्याचा भार पुन्हा कमी केला असता) आणि ब्रॉनाइटऐवजी तुला ऱ्होडोक्रोसाइट (मँगनीज कार्बोनेट) किंवा ऱ्होडोनाइट (मँगनीज सिलिकेट) दिसलं असतं. जिथे गाळात चिखलमाती मिसळली तिथे ॲल्युमिनियम मिळालं, त्यातून गार्नेट झालं. गार्नेट आणि क्वार्ट्झच्या याच खडकाला भूवैज्ञानिक फर्मर यांनी 1909 मध्ये गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ नाव दिलं.
नोकरीच्या पहिल्या वर्षी असेच 40 बिंदू ‘खराब’ म्हणून मी खोडले होते. तो नमुना नंतर परत मिळाला नाही. ते अजून सलतं, म्हणून एवढं लांबण लावलं.

पॉलिशवाली_ताई (अंबरनाथ)
काकांचं म्हणणं पटलं. तरी बेरीज कमी यायचं कारण दर वेळी भारच असतो असं नाही गं. पॉलिश करताना कण निघून पडलेला खड्डा किंवा खनिजातलं पाणी, यांनीही बेरीज घटते. त्यामुळे प्रत्येक बिंदूचा फोटो उघडून बघ. आणि लोह ईडीएसवर (क्ष-किरणांच्या रेषा कमी बारकाईने वेगळ्या करणाऱ्या शोधकावर) मोजलं असशील तर जपून! मँगनीजची के-बीटा ही क्ष-किरण रेषा लोहाच्या के-आल्फा रेषेला अगदी चिकटून असते, नसलेलं लोह दिसायला लागतं. हॉलंडाइट या बेरियमवाल्या मँगनीज खनिजात टायटॅनियम दिसलं तरी असाच घोटाळा असू शकतो, तिथे बेरियमची रेषा टायटॅनियमच्या रेषेला चिकटते.

खडकवेडी (दादर)
काका, ताई, काल रात्री बसून सगळं पुन्हा केलं. लोह डब्ल्यूडीएसवरच (रेषा नीट वेगळ्या करणाऱ्या शोधकावर) मोजलं होतं. ब्रॉनाइटच्या सूत्राप्रमाणे 8 धन आयन (धातू आणि सिलिकॉन मिळून) आणि 12 ऑक्सिजन धरून भार काढले. 30 बिंदूंची बेरीज आता 99.3 ते 100.5 येते. फोटोही सगळे पाहिले, कुठे खड्डा नाही. 82 वाला एकच बिंदू राहिलाय. त्यात सिलिका जवळपास नाही, बेरियम नाही, आणि तो ब्रॉनाइटमधल्या बारीक भेगेत आहे. तो तरी काढू ना?

जुना_प्रोबवाला (मुलुंड)
तोही ठेव. मँगनीज चतुर्भारित धरून बघ, बेरीज 100 च्या आसपास यायला हवी. तसं झालं तर ते पायरोल्यूसाइट. भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्ग खाणीचं मँगनीज डायऑक्साइड ड्राय सेलसाठी जातं, तेच खनिज. गाळ, रूपांतरण सगळं उरकल्यावर, खडक उघडा पडून भेगेत पावसाचं पाणी शिरलं तेव्हाचा हा बिंदू. याच्यासाठी वेगळा परिच्छेद लिही आणि भेगेचा फोटो शेजारी लाव.