स्विफ्टले मागं डिस्क बसवलेली आहे, पॅड कोणत्या गाडीचे मागू?

सोयाबीनवाला (समुद्रपूर, जि. वर्धा):
भावांनो, २०१३ ची डिझेल स्विफ्ट घेतली, सेकंडहँड. आधीच्या मालकानं लय हौस केली आहे. १६ इंची अलॉय, स्प्रिंगा कापून गाडी खाली बसवलेली, अन् मागचे ड्रम काढून डिस्क. कॅलिपर (डिस्कले पॅडनं आवळणारा भाग) लालभडक. आता ब्रेक दाबला की मागून लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज येऊन राहिला. हिंगणघाटचा दुकानदार म्हणे, स्विफ्टले मागं पॅड येतच नाही. त्याचंही खरं आहे, कंपनीच्या ड्रममध्ये पॅड नाही, शू असते. जुना मालक एवढंच सांगते की नागपूरवरून बसवले. हँडब्रेक पार वरपर्यंत ओढला तरी गाडी उतारावर सरकते.

वऱ्हाडी_ड्रायव्हर:
आधी नखानं खरवडून पाहा बाप्पा, लाल रंगाचं प्लास्टिकचं कव्हर तर नाही ना!

गॅरेजकाका (पांढरकवडा):
भाऊ, गाडीचं नाव सांगून पॅड मागूच नका. चाक खोला, जॅकच्या भरवशावर राहू नका, खाली टेकू द्या. दोन्ही पॅड काढून हातात घेऊन दुकानात जा. आकार जुळला तर पॅड बसते. पॅडच्या मागच्या पत्र्यावर वायर ब्रश मारला की नंबर दिसते. कडेवर एफएफ, जीजी असं छापलेलं असलं तर तो मॉडेल नाही, घर्षणाचा दर्जा आहे. पहिलं अक्षर थंड पॅडचं, दुसरं तापलेल्याचं. कॅलिपरच्या बॉडीवर ओतीव नंबर असला तर त्याचाही फोटो घ्या.

मग कॅलिपरमधल्या, पॅडले ढकलणाऱ्या पिस्टनचं तोंड पाहा. त्याच्यावर खाचा असतील अन् कॅलिपरले हँडब्रेकचा लिव्हर असेल, तर तो पिस्टन फिरवत आत घालावा लागते. शिकंज्यात धरून दाबला की आतली यंत्रणा मोडली समजा. तोंड साधं अन् लिव्हरच नाही, तर तो कॅलिपर हँडब्रेकसाठी नाहीच. मंग तुमची दांडी ओढून काय होणार?

आतला पॅड पत्र्यापर्यंत संपला अन् बाहेरचा जाडच, तर बहुतेक कॅलिपर ज्यावर सरकते त्या पिना जाम आहेत. आपल्याकडे पांदणीतला काळा चिखल कॅलिपरमध्ये बसते अन् सिमेंटसारखा वाळते. पिनांवरचे रबरी बूट फाटले असतील तर बदला. पिनले ब्रेकचंच ग्रीस लावा, साध्या ग्रीसनं रबर फुगते.

डिस्कवर कमीत कमी जाडी मिलिमीटरमध्ये लिहिलेली असते. व्हर्नियर लावतानी बाहेरची गंजाची कड सोडा, पॅड फिरते तिथंच मोजा. अन् कॅलिपर कशावर टांगला आहे त्याचा फोटो टाका. मले तेच पाहायचं आहे.

टर्बोभाऊ:
डिस्क म्हणजे डिस्क काका, ड्रम कोण लावते आता? नवे पॅड टाका अन् चालवा.

गॅरेजकाका:
मागचा कॅलिपर मोठा असला की जोरात दाबल्यावर मागची चाकं आधी लॉक होतात. गिट्टीच्या रस्त्यावर मागची बाजू आडवी फिरते, तेव्हा डिस्क आहे म्हणून कोणी वाचवत नाही.

सोयाबीनवाला:
काका, खोललं. पिस्टन साधा, लिव्हर नाही. हँडब्रेकच्या केबली नुसत्या टायनं बांधून ठेवल्या आहेत. कॅलिपरची पट्टी अॅक्सलले वेल्डिंग केलेली. एक टाका तडकलेला दिसते.

गॅरेजकाका:
मंग पॅडचा विषयच संपला. गाडी उभी करा, दुकानावरही चालवत नेऊ नका. ब्रेकचा सगळा जोर त्या टाक्यावर येते, पुन्हा वेल्डिंग मारून भागत नाही. ड्रमवर परत या. बॅकप्लेट, शू, व्हील सिलेंडर, ड्रम अन् केबली, सारं चेसिस नंबर सांगून मागा. एबीएसवाल्या (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा असलेल्या) गाडीत फरक असू शकते. पट्टी कापायच्या आधी अॅक्सल पाहून घ्या. मूळ बोल्टाची छिद्रं शाबूत नसतील तर अॅक्सलच बदला.

ब्रेक ऑइल डॉट ३, सीलबंद डबा. अर्धा उघडा पडलेला डबा घेऊ नका, ते हवेतलं पाणी ओढते. चारही चाकांच्या ब्रेक लाइनमधली हवा काढा. अन् केबल दोन्ही बाजूची नवी घ्या.